पहिलं पाणी

देवाच्या पडद्याला भोक पडलं होतं. खाली आठ आण्याच्या नाण्याएवढं गोल आणि वर निमुळतं होत गेलेलं, बोटभर उंच. म्हणजे ज्योतीच्याच आकाराचं. कार्तिकातला रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. सुरतेतल्या बमरोलीच्या विठ्ठलमंदिरात संध्याकाळच्या कीर्तनाची सतरंजी अंथरायला काशिनाथ भावसार आला होता, आणि सतरंजीचं एक टोक हातात धरून तो गाभाऱ्याच्या दारात तसाच उभा राहिला. त्यानं भोकात करंगळी घातली. कडा टणक लागली. वितळून पुन्हा थिजलेल्या कापडाचे मोहरीएवढे काळे मणी कडेनं गोठले होते. आता देवळातल्या पडद्याला भोक पडणं ही काही आभाळ कोसळण्याची गोष्ट नव्हे. देव आणि दिवा एका घरचे. उदबत्तीची ठिणगी, कापराची वडी, कधी कुणाच्या थरथरत्या हातातलं निरांजन, काही ना काही व्हायचंच. काशिनाथ थबकला तो वेगळ्या कारणानं. हे कापड जळणारं नव्हतं. जळत नाही असं त्याबद्दल लिहून दिलेलं होतं, आणि लिहून देणारा हात आत्ता त्याच्या भोकात करंगळी घालून उभा होता.

"सखुबाई," तो म्हणाला, आणि आपलाच आवाज त्याला शेजारच्या कुणाचा तरी वाटला, "हे कधी झालं?"

सखुबाई देवळाची झाडलोट करायची. नांदेडकडची बाई, नवरा लूमवर, आणि जिभेला हाड नाही. "पहाटं काकड्याला, भाऊ. कापूर उडाला. म्या म्हनलं, इझंल आपसूक. तुमीच तर समद्यांला सांगितलं व्हतं ना, हे इमानाचं कापड हाय, ह्याला आग लागत न्हाई म्हनून? तर म्या आपली शेकोटीला बसल्यावानी बघत बसले. आन् हे मेलं वर वर चढायलंय! मग फडकं वलं करून हानलं दोन डाव, तवा कुठं गप झालं."

"कापूर चिकटून राहिला असेल."

"कापूर तर कवाच खाली पडला व्हता की. कापड आपलं आपन जळत व्हतं." ती हसली, केरसुणी आपटली. "इमानात बसनाऱ्यांनी संगं एक वलं फडकं ठिवावं म्हना!"

काशिनाथही हसला. हसायची सवय असलेला माणूस होता तो. त्याच्या तोंडावरचं हसू आणि आतला माणूस यांची कधी कधी चुकामूक व्हायची. त्यानं सतरंजी नीट ताणून अंथरली, चारही कोपरे सरळ केले, बुवांच्या उभं राहण्याच्या जागी लोड मागे सरकवला. सगळं करताना भोक पाठीला जाणवत होतं. कुणी मागून एक डोळा लावून बघत असावं, तसं.

पलसाण्याला हायवेलगतच्या एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये तो सतरा वर्षं कापड तपासत आला होता. रंग घामानं उतरतो का, उन्हानं उडतो का, ओढलं तर किती ताणून फाटतं. साड्या, ड्रेस मटेरियल, पडदे, अस्तरं. आणि या उन्हाळ्यात मुंबईच्या एका पुरवठादारामार्फत ते काम आलं. परदेशात एक नवं मोठं प्रवासी विमान तयार होत होतं, त्याच्या सगळ्यात पुढच्या, सगळ्यात महागड्या दालनाचे पडदे. शेठ किशोरभाईंनी कामाबरोबर आलेलं रंगीत पुस्तक त्याच्या टेबलावर ठेवलं, आणि काशिनाथ त्या पुस्तकाच्या नादीच लागला. गुळगुळीत जाड कागद, उघडला की नव्या पुस्तकाचा वास, आणि आत एक जग. खुर्ची कसली, ती बटण दाबलं की पलंग व्हायची. पूर्ण आडवी, पाय सरळ करून निजता येईल अशी. खुर्चीच्या हातात लपवलेला चिमुकला टीव्ही. उशाशी हंसाच्या मानेसारखा वाकणारा दिवा. लाकडाचा भास देणाऱ्या भिंती, चिनी मातीचे पेले, फुलदाणीत एकच पांढरं फूल, पायात घालायला मऊ सपाता. जिना चढून वर गेलं की बसायची-प्यायची खोली. ढगांच्या वर टेलिफोन. आणि प्रत्येक प्रवाशाभोवती पडदा, मोराच्या मानेच्या रंगाचा, ओढून घेतला की आपलं आपण. एका चित्रात एक बाई झोपली होती. डोळ्यांवर काळी पट्टी, ओठ किंचित उघडे, पांघरूण गळ्यापर्यंत, आणि पडदा तिच्या गालापासून वीतभरावर. काशिनाथ जन्मात विमानात बसला नव्हता. बडोद्याच्या पुढे रेल्वेनंसुद्धा कधी गेला नव्हता. पण कीर्तनात लहानपणापासून ऐकलेलं विमान, भक्ताला न्यायला येणारं, आत मऊ आसनं, फुलांचे पडदे, ते असंच असणार असं त्याला वाटलं, आणि आपल्या हातून त्याचं कापड जाणार या विचारानं त्याला अंगावर शाल पडल्यासारखी ऊब आली. रासायनिक पाण्याच्या टाकीवर काम करणारा अमळनेरकडचा लोटू पुस्तकात डोकावून म्हणाला होता, "काशीभाऊ, आपलं कापड सरगले चालनं, न आपन अठेच ऱ्हायनूत!" तेव्हा सगळी लॅब हसली होती. काशिनाथला ते वाक्य आज सतरंजी अंथरताना आठवलं, आणि त्यात हसण्यासारखं काय होतं ते काही केल्या आठवेना.

तपासणी सोपी होती. पत्र्याच्या बंद पेटीत कापडाची पट्टी उभी टांगायची. खालून निळी ज्योत बारा सेकंद धरायची. मग ज्योत काढून घ्यायची आणि कापड स्वतःहून कधी विझतं ते मोजायचं. पंधराच्या आत विझलं तर पास. स्टॉपवॉच होतं, पण काशिनाथचा खरा भरवसा जपावर. सतरा वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडातला एक 'विठ्ठल' म्हणजे बरोबर एक सेकंद. लोटूनं कितीदा घड्याळ लावून पैज मारली आणि हरला. नव्या कापडाच्या पाच पट्ट्या त्यानं जाळल्या. पहिली तिसऱ्या विठ्ठलाला विझली, दुसरी दुसऱ्याला, पाचही चारापर्यंत. लोटूच्या टाकीतलं आग रोखणारं औषध झकास बसलं होतं. राहिलं ते दुसरं. फॉर्ममध्ये दोन रकाने होते. एक 'धुण्यापूर्वी', एक 'दहा धुण्यांनंतर'. दहा वेळा धुवायचं, दहा वेळा वाळवायचं, मग पुन्हा पाच पट्ट्या. दोन दिवसांचं काम.

तो दिवस श्रावणातल्या एकादशीचा होता. खाली ट्रक उभा. किशोरभाई दारात येऊन म्हणाले, "काशीभाई, ट्रक ऊभी छे हं," आणि गेले. ओरडले नाहीत, धमकावलं नाही. तसं काही झालं असतं तर बरं झालं असतं असं काशिनाथला नंतर वाटायचं, दोष ठेवायला एक जागा मिळाली असती. शेठना तो म्हणाला असता, "दोन दिवस लागतील," तर कपाळाला आठी पडली असती आणि ट्रक परत गेला असता, एवढंच. पण दोन दिवस म्हणजे आज रात्रपाळी, आणि आज साडेपाचला बमरोलीत दामोदरबुवांचं कीर्तन. आणि बुवांचं कीर्तन चुकवायचं नाही ही काशिनाथची शपथ होती. मरकीच्या, प्लेगच्या वर्षी, दोन वर्षांपूर्वी, सगळं सुरत पळालं तेव्हा तोही पळाला होता. तोंडाला रुमाल बांधून, बायकोला, सुधाला, आणि ट्रंकेला ओढत, गाडीच्या दारात लोंबकळत अमळनेरला. पंधरा दिवसांनी परतला तेव्हा कळलं की बुवा गेलेच नव्हते. रिकाम्या सभामंडपात, पेटी नाही, तबला नाही, समोर चार म्हातारी माणसं आणि एक कुत्रं, बुवा रोज संध्याकाळी झांज घेऊन उभे राहत होते. "देव एकटा पडला असता हो," एवढंच म्हणाले ते. काशिनाथला वाटलं होतं, कुणीतरी आपल्या कानाखाली हळूच, मायेनं मारलं. त्या दिवसापासून त्यानं एक कीर्तन सोडलं नव्हतं. म्हणून त्या एकादशीला चार वाजता त्यानं पेनाचं टोपण काढलं. विमानातले पडदे धुतं कोण? तिथं काय भांडी घासायची आहेत? पहिल्या रकान्यात तीन, दोन, चार, तीन, तीन असे आकडे होते. दुसऱ्यात त्यानं लिहिलं: चार, तीन, पाच, चार, चार. एकेक वाढवून. खऱ्यासारखं दिसावं म्हणून. मग सही. आणि त्याच संध्याकाळी, त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यातून अडीच मीटर त्यानं देवासाठी आणलं, कारण भावसारांच्या घरात नव्या मालाचा पहिला तुकडा देवाचा. बापाच्या वेळेपासून. किशोरभाई म्हणाले होते, "भगवान माटे? लई जाओ, लई जाओ."

बाप अमळनेरात रंगारी. कोपरापर्यंत निळे हात, मरताना नखं निळी. ते निळे हात चादरीवर ठेवून तो म्हणायचा, कोरं कापड लबाड असतं. खळ लावलेलं, इस्त्री केलेलं, नवऱ्या मुलीसारखं खाली मान घालून बसलेलं. पहिलं पाणी दाखव त्याला, मग ते खरं बोलेल. आणि आई तर कोऱ्या कापडाला देवघराच्या उंबऱ्यावरच अडवायची: "कोरं कापड देवले चालत नही, पोऱ्या. धुई लय पहिले." ही गोष्ट काशिनाथला माहीत नव्हती थोडीच? रक्तात होती. पण रक्तात असलेली गोष्ट टेबलापाशी आठवत नाही, हाच तर घोटाळा.

बारा वाजता तो घरी आला. सुधानं पानं घेतली होती. त्यानं हात धुतले, बसला नाही. "तो देवाचा पडदा शिवलास, त्याचं उरलेलं कुठं ठेवलंस गं?"

"मशीनवर घातलंय की. का?"

शिलाई मशीनवर तो तुकडा पसरलेला होता, मोरपंखी, कडेला सुधानं पांढऱ्या दोऱ्याची वेल घातलेली. काशिनाथनं त्याची घडी बोटांत धरली. सुळसुळीत, मऊ. नको इतकं मऊ. लॅबमधून आणलं तेव्हा ते किंचित चरचरीत होतं, मिठाचा हात लागल्यासारखं; ती चरचर गेली होती.

"धुतलं होतंस?"

"म्हणजे काय? देवाचं कापड ते! पाणी न दाखवता कसं चढवणार? तीनदा काढलं. पहिल्या पाण्यात इतका पांढरा फेस आणि गाळ आला, म्हटलं काय चोपडलंय मेल्यांनी याला. पडद्याबरोबर उरलेलंही धुतलं. दर पंधरा दिवसांनी एकादशीला पडदा धुते मी, तुम्हांला ठाऊक नाही?"

"सोडा घालतेस?"

"कधी सोडा, कधी रिठा. का हो? रंग गेला का?"

"सोडा नको घालू," तो म्हणाला, आणि त्या शब्दाला त्यानं बुडत्यासारखं धरलं. सोडा. सोड्यानंच गेलं असणार. तिथं विमानात कोण सोडा घालतंय, तिथं कोरडं धुणं, यंत्रातलं, वासाचं. सोड्याची गोष्ट वेगळी. पान वाढलेलं असताना तो मशीनवरच्या तुकड्याला कात्री लावून मोरीत गेला आणि कडी घातली. हातभर पट्टी चिमट्याला लावून नळाला टांगली. आडोशाला बादली उपडी ठेवली. काडी ओढली. बारा विठ्ठल होण्याआधीच बोट भाजलं, दुसरी काडी लावली, मग तिसरी. बारा झाले. त्यानं काडी काढून घेतली आणि नव्यानं मोजायला लागला. एक विठ्ठल. दोन विठ्ठल. ज्योत लहान झाली, निळी झाली, आणि काशिनाथच्या छातीत काहीतरी सैल पडलं. तीन. चार. मग ज्योतीनं मान वर केली. अगदी शांतपणे. घाई नव्हती तिला. कापड आपोआप आकसत वर ओढलं जात होतं आणि ज्योत त्याच्यामागून पायरी पायरीनं चढत होती, जिना चढून वरच्या खोलीत चालल्यासारखी. पेटते थेंब टपटपत खाली पडले आणि ओल्या फरशीवरही क्षणभर जळत राहिले. नऊ विठ्ठल. दहा. वेल पांढऱ्याची काळी झाली. पंधरा झाले. सोळा झाले. पट्टी संपली, म्हणून आग संपली. मोरीत एक गोडसर, घशाला धरणारा वास कोंडला होता, आणि त्या वासात काशिनाथला ती बाई दिसली. डोळ्यांवरची काळी पट्टी. वीतभरावरचा पडदा. पट्टी असल्यामुळं तिला उजेड दिसणार नाही, हे त्याच्या मनात आलं. आधी ऊब लागेल. तिला वाटेल, किती छान ऊब आहे.

दारावर थाप पडली. "अहो! काय जळतंय? काय करताय आत?"

त्यानं दार उघडलं. सुधानं फरशीवरचे काळे थेंब पाहिले, चिमटा पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षांचा संसार. तिला फार सांगावं लागत नसे. "हे विमानातलंच कापड ना?" ती हळू आवाजात म्हणाली.

"हे सोड्यानं झालं."

"पण तुम्ही तिकडं धुऊन पाहिलं असेलच की. असं पाण्यानं जाणारं नाही ना ते? धुऊनच पाठवलंत ना?"

"हो," काशिनाथ म्हणाला. "दहा वेळा."

कागदावर खोटं लिहिताना काही वाटलं नव्हतं. तोंडानं बोललेलं खोटं मात्र जिभेवर राहिलं, वितळून थिजलेल्या मण्यासारखं. जेवताना प्रत्येक घासाला ते दातांत येत होतं.

कीर्तन साडेपाचला सुरू झालं. मंडप भरला होता. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, मागं लूमवरची माणसं सुट्टीचे धुतलेले सदरे घालून. दामोदरबुवा उभे राहिले, पगडी, उपरणं, गळ्यात वीणा नाही पण हातात झांज, आणि त्यांनी पहिला स्वर लावला तशी काशिनाथच्या अंगावरून नेहमीची ती गार झुळूक गेली. हेच तर त्याचं माहेर. इथं बसलं की जगाची सगळी ओझी दाराबाहेर चपलांशेजारी राहतात. तो डोळे मिटून बसला. ओझं आज आत आलं होतं, इतकंच. पूर्वरंगात बुवांनी विषय घेतला भक्त आणि देव यांच्यातल्या पडद्याचा. देव जवळ आहे, हाताच्या अंतरावर, पण मधे पडदा, आणि तो आपणच विणलेला. असं बोलता बोलता बुवा थांबले, उपरण्यानं तोंड पुसलं आणि खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. काशिनाथनं डोळे उघडले.

"मंडळी, आता जरा विमानात बसू या!" लोक हसले. "हसू नका. हे बघा, गुजराती पेपरात आलंय. नवं विमान, केवढं मोठं! उद्या सोमवारी सकाळी त्याचं पहिलं उड्डाण, माणसं घेऊन. आत काय आहे म्हणता? बसायला गादी, निजायला गादी, उशाशी दिवा, हाताशी टीव्ही, तान्ह्या बाळाचे होत नाहीत इतके लाड! पण खिडकीबाहेर काय हो? अंधार. खाली काय? काही नाही. आणि माणसाच्या आणि त्या अंधाराच्या मधे काय? पडदा! आणि तो पडदा कुणाचा?" बुवांनी हात पसरला. "आपल्या बमरोलीचा! आपल्या काशिनाथरावांनी तपासून दिलेला! तोच या विठ्ठलाच्या दारात. एक आकाशात, एक देवापाशी. उभे राहा काशिनाथराव! अहो लाजता काय, उभे राहा!"

तो उभा राहिला. तीनशे चेहरे वळले, प्रेमानं वळले. मागून लोटूचा आवाज आला, "काशीभाऊकी जय!" उद्या. उद्या सकाळी. तो शब्द कुणी दुसऱ्या गावात उच्चारल्यासारखा त्याला उशिरा ऐकू आला. विमान इतक्यात उडेल असं त्यानं कधी धरलंच नव्हतं. ते पुस्तकात होतं, पुस्तकातलं विमान उडत नाही. बुवा म्हणाले, आजच्या आरतीचा मान काशिनाथरावांचा, आणि मध्यंतराचा नामघोष सुरू केला. विठ्ठल विठ्ठल. सगळ्या मंडपानं उचलला. झांजा, टाळ्या. एका सेकंदाला एक विठ्ठल. काशिनाथचे ओठ आपसूक हलले आणि त्याला कळलं की तो जप करत नाहीये, मोजतोय. तीनशे माणसं त्याच्याबरोबर मोजत होती. बारा. पंधरा. वीस. कुणी थांबेना. चाळीस विठ्ठल झाले आणि आग चढतच होती. कुणीतरी त्याच्या हातात आरतीचं ताट दिलं. कापूर पेटवला. वरचा पंखा गरगरत होता, पडदा त्या वाऱ्यानं फुगून पुढं येत होता, मागं जात होता, श्वास घेतल्यासारखा, आणि भोकातून आतल्या काळ्या मूर्तीचा एक ठिपका चमकत होता. पडदा पुढं आला. ताटापासून वीतभर. पहिल्या ओळीत लोटूची लहान लेक मांडी घालून, तोंड उघडं टाकून बघत होती.

काशिनाथनं ताट जमिनीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी पडदा ओढला. कड्या खळाखळ तुटल्या, दांडा एका बाजूनं खाली आला. कापड त्याच्या अंगावर, डोक्यावर पडलं. मंडपातला आवाज एका झटक्यात तुटला; कीर्तनात कुणी असं करत नाही. त्या शांततेत तो कापडातून बाहेर आला, घामानं भिजलेला, आणि बोलायला तोंड उघडलं. "बुवा," तो म्हणाला, "हे जे कापड..."

बुवांच्या डोळ्यांत पाणी होतं. पन्नास वर्षं उभ्या उभ्या बोलणारा माणूस. त्याला शब्द सापडायला वेळ लागत नाही. "पाहिलंत?" ते गरजले. "मी तासभर सांगत होतो आणि यानं करून दाखवलं! मधला पडदा भक्तानं आपल्या हातानं दूर केला! बोला!" आणि मंडप फुटला. टाळ्या, झांजा, नामाचा कल्लोळ. कुणी त्याच्या पायांना हात लावला. बुवांनी स्वतःच्या गळ्यातला झेंडूचा हार काढून त्याच्या गळ्यात घातला आणि कपाळाला बुक्का लावला. आणि काशिनाथला काय वाटलं, तर बरं वाटलं. सगळ्या अंगातून सैल, ऊबदार, झोप यावी तसं बरं वाटलं. सांगायची वेळ निघून गेली, आपण सुटलो. किती छान ऊब आहे. ते शब्द मनात आले आणि तो जागच्या जागी हादरला. हे शब्द त्या बाईचे होते.

सुधा बायकांतून वाट काढत त्याच्यापाशी आली होती, पडदा त्याच्या हातून घ्यायला. तो तिच्या कानाशी वाकला. गजर इतका होता की ओरडावं लागलं. "सुधा, मी ते धुतलंच नव्हतं! एकदासुद्धा नाही!"

"मला दुपारीच कळलं," ती म्हणाली. पडद्याची घडी करत होती, कोपऱ्याला कोपरा लावून, भोक आतल्या बाजूला. "मला सांगून विमान थांबणार आहे का? चला."

"आरती व्हायचीय अजून."

"आरती करायला तीनशे माणसं आहेत. फोन करायला कोण आहे?"

गळ्यात हार तसाच घेऊन तो मंडपातून निघाला. माणसं आदरानं बाजूला होत होती. नाक्यावरचा एसटीडीचा काचेचा डबा उघडा होता. त्यानं ते रंगीत पुस्तक खिशातून काढलं. लॅबमधून कधीच घरी आणलेलं ते आज कीर्तनाला निघताना त्यानं बरोबर घेतलं होतं, आता पोटाशी वाकून घामेजलं होतं. मागच्या पानावर मुंबईच्या पुरवठादाराच्या कचेरीचा शिक्का, नंबर. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला. रविवारच्या बंद कचेरीत घंटी वाजत राहिली, आणि रिकामी टेबलं, झाकलेली टाइपरायटरं, भिंतीवरचं विमानाचं कॅलेंडर असं सगळं त्याला दिसत राहिलं. मग खट्ट झालं.

"हलो. ऑफिस बंद है. वॉचमन बोलतोय."

"मी सुरतहून बोलतोय," काशिनाथ म्हणाला. "साहेबांना निरोप द्या. आत्ता, घरी जाऊन द्या. विमानाचं काम आहे."

"कुठलं विमान?"

"उद्याचं. त्याच्या पडद्यांचा कागद खोटा आहे. धुतल्यावर ते जळतात. मी जाळून पाहिलंय. विमान उडवू नका म्हणावं. लिहून घ्या."

मग त्या माणसाचा आवाज बदलला, गावाकडचा झाला. "तुम्ही कोण म्हणायचं? कुणी सांगितलं म्हणून सांगू?"

काचेबाहेर सुधा उभी होती, घडी छातीशी धरून. मंदिराकडून आरतीचा सूर येत होता. "काशिनाथ भावसार," तो म्हणाला. "त्या कागदावर सही आहे ना, ती माझी. खोटी सही माझी आहे."

"थांबा जरा. पेन बघतो. धरून ठेवा हां."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. पावलं दूर गेली. कुठंतरी एक खण ओढला गेला, दुसरा ओढला गेला. मग काहीच नाही. नुसती तारेतली ती पोकळ, उंचावरच्या वाऱ्यासारखी सूं सूं. काशिनाथच्या कपाळावरून बुक्का घामात ओघळून भुवईवर आला. समोरच्या मीटरवर लाल आकड्यांत सेकंद पळत होते, आणि ते पाहायची त्याला गरज नव्हती, कारण त्याचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. बारा. तेरा. पलीकडं पावलं वाजली नाहीत. चौदा. पंधरा.

सोळा.